पंधरा दिवसांचं मौन

घरी तिला सगळे रेडिओ म्हणत. नाव धाकट्या भावाने ठेवलं होतं आणि ते असं काही चिकटलं, की पोस्टमनसुद्धा "रेडिओचं पत्र आलंय" म्हणून हाक मारायचा. सकाळी दात घासताना स्टेशन लागायचं, ते झोपेपर्यंत. दात घासतानाही ती थांबायची नाही, तोंडातल्या फेसासकट बोलायची. आई म्हणायची, "हिला घडवताना बंद करायचं बटण लावायचं राहूनच गेलं."

त्यामुळे सोळाव्या वर्षी तिची वर्षभरासाठी परदेशातल्या शाळेत निवड झाली, तेव्हा घरच्यांनी थंडीची काळजी केली, खाण्यापिण्याची केली, एकटेपणाची केली. बोलण्याची काळजी कुणाच्या मनालाही शिवली नाही. तिथली भाषा ती चार महिन्यांच्या शिकवणीत जेमतेम शिकली होती. बाबा म्हणाले, "तिचं जाऊ द्या, तिथल्या लोकांचं काय होईल ते बघा."

तिसऱ्या महिन्यात संस्थेकडून घरी कागद आला. ज्यांच्या घरी ती राहत होती त्यांनी तिच्याबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. लिहिलं होतं : मुलगी गुणी आहे, कामसू आहे. स्वभावाने अतिशय शांत, अबोल.

आईने तो कागद तीनदा वाचला. रविवारी फोनवर पहिला प्रश्न आला, "खरं सांग, तुला तिकडे काही त्रास आहे का?"

"नाही गं."

"मग हे अबोल काय आहे?"

मागून भाऊ ओरडला, "आई, दुसऱ्याच मुलीचा कागद आलाय आपल्याकडे!"

रेडिओ हसली. कागद तिचाच होता.

त्याचं असं झालं होतं, की बोलायला तिला वेळच मिळत नव्हता. कुणी काही विचारलं की ती मनात वाक्य जुळवायला घ्यायची. आधी कर्ता, मग क्रियापद, मग ते क्रियापद कर्त्याला शोभतंय की नाही ते बघायचं. एवढं सगळं जुळून तोंडाशी येईपर्यंत समोरच्यांचं बोलणं दोन गल्ल्या पुढे गेलेलं असायचं. मग ती नुसती हसायची. शाळेत हसायची, जेवणाच्या टेबलावर हसायची. तीन महिन्यांत गालांना व्यायाम झाला, जिभेला काही नाही.

ती राहत होती ते घर लाँड्रीच्या वर होतं. खाली दुकान, मागे धुलाईची दोन मोठी यंत्रं आणि वाफेची इस्त्री, आणि अरुंद जिन्याने वर गेलं की स्वयंपाकघर आणि तीन खोल्या. सगळ्या घराला ओल्या वाफेचा आणि गरम सुताचा वास होता. लाँड्री चालवणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या, गोल चेहऱ्याच्या, हाताने आणि तोंडाने सारख्याच चलाख. संस्थेच्या लोकांनी बजावलं होतं, घरच्यांना नावाने हाक मारायची, इकडे तसंच असतं. आता आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक कशी मारणार? पहिले चार दिवस ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायची आणि खाकरायची. पाचव्या दिवशी बाईंनी तिच्यापुढे खोकल्याचं औषध ठेवलं. तेव्हा तिने तोडक्यामोडक्या शब्दांत सांगून टाकलं, आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात. बाईंना सख्खी चुलत कुठलीच बहीण नव्हती. त्यांनी दिवसभर तो शब्द तोंडात घोळवला आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांना सांगितलं, "मी मावशी झाले." त्यांच्या नवऱ्याने लगेच विचारलं, "आणि मी?" ते शहरातली बस चालवत. ते काका झाले.

उरली त्यांची मुलगी. रेडिओपेक्षा चार महिन्यांनी लहान, उंच, ओल्या केसांची. रोज शाळेआधी आणि शाळेनंतर पोहण्याचा सराव. तिच्या खोलीत मधे कपाट घालून अर्धी खोली पाहुणीला दिलेली होती. कपाटाच्या पलीकडे ती कधी यायची, कधी जायची, पायरव नाही. आली की दारात क्षणभर उभी राहून बघायची आणि निघून जायची. रेडिओने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, मांजर.

मनातल्या मनात म्हणजे, रविवारच्या फोनवरसुद्धा. दर रविवारी ती जिन्याच्या पायरीवर बसून तासभर आपल्या भाषेत मोकळी व्हायची. इकडे कुणाला काय कळणार? "मांजर आज पुन्हा नुसती दारात उभी राहून गेली. मांजर तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. मांजरीने माझा टॉवेल खुर्चीवरून काढून खाली टाकला."

पहिल्यांदा आई म्हणाली होती, "अगं, तिला थोडं दूध घालत जा. माया करतात मग."

तर असं सगळं चाललेलं असताना मावशींचा आवाज बसला.

आधी वाटलं सर्दी असेल. पण महिना झाला तरी घोगरेपणा जाईना. दिवसभर यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची वीस वर्षांची सवय. शेवटी डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूंवर बारीक गाठ होती. धोक्याची नव्हती, पण काढायची होती. ती काढली आणि डॉक्टरांनी बजावलं : पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर जास्त वाईट.

दवाखान्यातून आल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळे बसले. मावशींच्या गळ्यात दोरीने बांधलेली छोटी पांढरी पाटी होती आणि हातात पेन. त्यांनी लिहिलं, "दुकान?"

काका म्हणाले, "सकाळी यंत्रं मी चालवतो, इस्त्री तू कर. पण दुपारपाळी मला बदलून मिळत नाही. तीन ते सात काउंटरवर कुणीतरी पाहिजे. आणि तू तिथे बसलीस की तोंड उघडणार. ते मी लिहून देतो."

मावशींनी पाटीवर रागाने एक रेघ मारली, पण नाकारलं नाही. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

मांजर म्हणाली, "माझी स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात. शनिवारी येईन. रोज नाही जमणार."

रेडिओने वाक्य जुळवायला घेतलं, कर्ता सापडला, क्रियापद सापडेना, आणि या खेपेला तिने ते शोधायचा नाद सोडला. "मी उभी. काउंटर. मी करते."

"हिला बोलता कुठे येतं?" मांजर म्हणाली. वाईट हेतूने नाही, एखादी माहिती द्यावी तसं.

ते वाक्य मात्र रेडिओला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ कळलं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "उद्या तीन वाजता."

पहिला दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. काम तसं अवघड नव्हतं. कपडा घ्यायचा, डाग कुठे आहे ते बघायचं, दोन भागांचं तिकीट फाडायचं, अर्धं कपड्याला पिनेने लावायचं, अर्धं गिऱ्हाइकाला द्यायचं. तयार कपडे तपकिरी कागदाच्या खोळीत, आकड्यांच्या क्रमाने लांब दांडीवर टांगलेले. तिकीट बघून दांडीवरून काढायचं आणि द्यायचं. यंत्रालाही जमेल. पण माणसं यंत्रासारखी येत नव्हती. "मावशी कुठे?" "कधी बोलणार?" "आणि तू कोण?" पहिल्या तासात तिने अकरा वेळा तेच सांगितलं : मावशी, घसा, पंधरा दिवस, बरं आहे. अकराव्या वेळेपर्यंत ते वाक्य इतकं सुरेख जमलं, की बाराव्या माणसाने विचारलंच नाही तेव्हा तिला चुटपुट लागली.

फोनची मात्र तिला भीती वाटायची. समोरचा माणूस असला की हात, डोळे, भुवया, सगळं मदतीला येतं. फोनमध्ये नुसता आवाज, आणि तोही घाईत. तिने चार वाक्यं कागदावर लिहून फोनजवळ चिकटवली. फोन वाजला की पहिली वाक्यं ती धडाधड वाचायची आणि पलीकडच्याने काही भलतंच विचारलं की तिचं विमान जमिनीवर.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. डाग पाहून "हा कशाचा?" एवढं विचारायचं तिला शिकवलं होतं, कारण डागाप्रमाणे औषध बदलतं. आणि तेवढं एकच विचारलं की माणसं सुटतात. कुणी साधं "शाई" म्हणून थांबत नाही. शाई कुणाची, पेन कुणी दिलं होतं, ते खिशातच कसं फुटलं आणि त्या वेळी समोर नेमके कोण साहेब बसले होते, इथपर्यंत सगळं येतं. एका म्हाताऱ्या बाईंनी टेबलक्लॉथवरच्या डागापायी आपल्या दोन सुनांचं सगळं भांडण सांगितलं. रेडिओला त्यातलं निम्मं कळलं, पण ते निम्मं इतकं रंगतदार होतं की उरलेलं कळावं म्हणून ती मधेच प्रश्न विचारू लागली. "मग धाकटी काय म्हणाली?" हे वाक्य तिने जुळवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून पडलं होतं.

आत इस्त्रीपाशी उभ्या असलेल्या मावशींनी मान वर केली. त्यांना त्या सुनांचं अख्खं प्रकरण ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. बिचाऱ्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, "धाकटीचं बरोबर आहे."

दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेडिओची गाडी बऱ्यापैकी रुळावर आली. चुका व्हायच्या, पण लोक चुकांसकट समजून घेत. आणि नेमक्या त्याच आठवड्यात ते कोटाचं प्रकरण झालं.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. गाण्याचे मास्तर बोलत होते. शनिवारी सहाला त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. त्यांचा लांब काळा कोट लाँड्रीत होता, आणि त्यांना स्वतःला यायला वेळ नव्हता. शेजारी येऊन घेऊन जातील. तिकिटाचा आकडा त्यांनी सांगितला. आता इकडच्या भाषेतही सतरा आणि सत्तर यांच्यात असाच कानाला निसटणारा फरक. मास्तर म्हणाले सतरा. रेडिओने लिहिलं सत्तर. अर्ध्या तासाने शेजारी आले. दांडीवर सत्तर आकड्याला लांब काळा कोटच होता. खोळीतला कोट कोण उघडून बघतो? ते घेऊन गेले.

शनिवारी साडेचारला दारावरची घंटा वाजली आणि बेकरीवाला आत आला. आत आला म्हणजे दार भरून आला. माणूस दांडगा, खांदे कपाटाएवढे, आवाज मात्र लहान मुलासारखा पातळ. त्याने तिकीट पुढे केलं. सत्तर.

सत्तरची जागा रिकामी. रेडिओने सगळी दांडी पालथी घातली. सतराच्या जागी एक काळा कोट होता. तिने तो काढून दिला, आणि बेकरीवाल्याने तो तिथेच घालून बघितला. बाह्या कोपरापाशी थांबल्या. पाठीत काहीतरी टर्र वाजलं.

"आटला का गं हा?" तो काकुळतीने म्हणाला. "सात वाजता होणाऱ्या व्याह्यांकडे जेवायला जायचंय. पहिल्यांदाच. बायको माझा जीव घेईल."

काल संध्याकाळचा फोन, तो कागद, ते शेजारी, सगळं एका क्षणात रेडिओच्या डोळ्यांपुढे आलं. तिने मास्तरांना फोन लावला. वाजत राहिला. ते केव्हाच सभागृहात गेले असणार.

शनिवार असल्याने मांजर काउंटरच्या दुसऱ्या टोकाला तिकिटं लावत होती. तिने कोटाकडे पाहिलं, बेकरीवाल्याकडे पाहिलं, रेडिओच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता ही काहीतरी लागेल असं बोलणार, अशी रेडिओने मनाची तयारी केली.

"सभागृह मला माहीत आहे," मांजर म्हणाली. "चार पन्नासची बस मिळेल. चल."

मावशी आतून आल्या. एका नजरेत त्यांना सगळं समजलं. त्यांनी बेकरीवाल्याच्या अंगावरून तो कोट अलगद सोलून काढला, पाठीची उसवलेली शिवण दोन मिनिटांत सुईदोऱ्याने धरली, खोळ घातली आणि मुलींच्या हातात दिला. मग बेकरीवाल्याला खुर्ची दिली आणि पाटीवर लिहिलं, "बसा. येतील."

थांब्यावर बस आली. चालकाच्या जागेवर काका.

"बाबा, जोरात घे," मांजर म्हणाली. "सहाच्या आत कोट पोचवायचाय."

काकांनी घड्याळ बघितलं. "पाच पंचवीसला पोचेल. वेळापत्रकात तसंच आहे."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी पोचली तर ती बस कसली?" असं म्हणून त्यांनी दोघींची तिकिटं तपासली, अगदी इतर प्रवाशांची तपासावी तशी.

दोघी मागच्या सीटवर बसल्या. कोट रेडिओच्या मांडीवर. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, कुणी चढो न चढो. तीन थांबे गेले. मांजर खिडकीबाहेर बघत होती. मग तिकडेच बघत तिने विचारलं, "मांजर म्हणजे काय?"

तो शब्द तिच्या तोंडून ऐकून रेडिओने दचकून तिच्याकडे पाहिलं. उच्चार जरा वेडावाकडा होता, पण शब्द तोच.

"तू दर रविवारी म्हणतेस," मांजर म्हणाली. "दहा-दहा वेळा. माझ्या खोलीचं दार जिन्यावरच आहे. आणि तो शब्द आला की तू आवाज खाली आणतेस. त्यावरून कळलं मला, माझ्याबद्दल आहे."

खोटं बोलायचं झालं तर इकडच्या भाषेत खोटं बोलण्याइतकी तयारी रेडिओची नव्हती. तिने खरा अर्थ सांगितला.

पुढच्या थांब्यावर एक बाई पिशवी घेऊन चढल्या, बसल्या, बस सुटली. मग मांजर म्हणाली, "मी रोज चार तास पाण्यात असते. आणि तू मला मांजर म्हणतेस?"

"तू आवाज करत नाहीस. येतेस, बघतेस, जातेस."

"तू काही बोलतेस का बघायला येते मी! मी पहिल्या आठवड्यात तुला किती विचारलं. तुला काय आवडतं, तुझा भाऊ कसा आहे. तू नुसती हसलीस. मला वाटलं, हिला आम्ही आवडत नाही. मी मैत्रिणींना सांगितलंय, आमच्या घरी भिंत राहायला आलीय."

"भिंत?"

"हो. बोललेलं परत येतं, आपलंच."

भिंत! रेडिओला! हे भावाला कळलं तर तो जमिनीवर लोळेल. आणि मग तिला असं काही हसू फुटलं की पिशवीवाल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. हसता हसता तिने सांगितलं, आपल्या घरी आपल्याला काय म्हणतात ते. क्रियापदं चुकली, काळ चुकले, फेसासकट दात घासायचं हातवारे करून दाखवावं लागलं. पण मांजरीला समजलं. ती आधी विश्वासच ठेवेना. "तू? तुला?" असं करत तीही हसायला लागली. काकांनी पुढच्या आरशातून पाहिलं आणि, वेळापत्रकात नसताना, एकदा हॉर्न वाजवला.

"आणि टॉवेल?" रेडिओने विचारलं. आता निघालंच आहे तर सगळं निघू दे. "माझा टॉवेल तू खाली का टाकलास?"

"तो माझा होता," मांजर म्हणाली. "तू दोन महिने माझाच टॉवेल वापरतेयस."

पाच पंचवीसला बस सभागृहापाशी थांबली. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

रंगमंचाच्या मागे तीस-चाळीस मुलं पांढऱ्या शर्टात रांग लावत होती आणि मधे गाण्याचे मास्तर उभे होते. किरकोळ अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, बेकरीवाल्याच्या कोटात. कोट गुडघ्याच्या खाली गेलेला, बाह्या दुमडून पिना लावलेल्या. एकूण दृश्य असं की कुणी हसलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. पण मास्तरांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"लाँड्रीवाले ना तुम्ही?" ते कडाडले. "वीस वर्षं कपडे देतोय. वीस वर्षांत असं झालं नाही! मी आता हात वर केला की मुलांना माझे हातच दिसत नाहीत!"

मांजर बोलायला पुढे झाली. रेडिओने तिचा हात धरून तिला थांबवलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मावशींची नाही. फोन मी घेतला. तुम्ही सतरा म्हणालात, मी सत्तर ऐकलं. परत विचारायला पाहिजे होतं. मला लाज वाटली विचारायची, कारण मी रोज खूप वेळा परत विचारते. मला माफ करा. हा तुमचा कोट. पाठीत शिवण गेली होती, मावशींनी घातलीय."

एका दमात एवढं बोलून ती थांबली. कुठेतरी एखादी मात्रा चुकली असेल. मास्तरांनी बेकरीवाल्याचा कोट उतरवला, आपला घातला, बाह्या ओढून हात वर करून बघितले.

"शिवण कशी काय गेली?" त्यांनी विचारलं.

"बेकरीवाल्यांनी घातला होता."

मास्तरांच्या मिशा हलल्या. ते त्या माणसाचा पाव रोज खात असणार. "बरं," ते म्हणाले. "फोनवर मीही तोंडातल्या तोंडात बोलतो. घरी रोज ऐकतो त्यावरून. पण पुढच्या वेळी विचारायचं. दहा वेळा विचारायचं. सुरात गाता येत नाही त्याला मी गप्प बसवत नाही, पुन्हा गायला लावतो." आणि लगेच मुलांकडे वळून ते ओरडले, "रांग!"

परतीची बस दुसऱ्या चालकाची होती. दुकानात पोचायला सव्वासहा झाले. बेकरीवाला रागाने लाल झाला असेल या कल्पनेने दोघी जवळजवळ धावतच आत शिरल्या. तो काउंटरपाशी आरामात बसलेला होता. समोर मावशी, हाताची घडी घालून, मान हलवत. तो त्यांना मुलीचं लग्न कसं ठरलं ते सांगत होता आणि डोळे पुसत होता. मुलींना बघून उठला तो जरा नाइलाजानेच.

"तुमच्या मावशींसारखी माणसं हल्ली राहिली नाहीत," तो कोट घालत म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत माझं बोलणं कुणी पुरं होऊ दिलेलं नाही. आज पहिल्यांदा."

तो गेल्यावर मावशींनी पाटी ओढली आणि इतक्या जोराने लिहिलं की पेनाची निब दबली : "मला शंभर वेळा मधे बोलायचं होतं."

त्या संध्याकाळी रेडिओने मावशींना सगळं सविस्तर सांगितलं, फोनपासून मास्तरांपर्यंत, काही न लपवता. मावशींनी ऐकून घेतलं. मग फोनजवळ चिकटवलेला तिचा चार वाक्यांचा कागद त्यांनी काढला, खाली स्वतःच्या अक्षरात पाचवं वाक्य घातलं, "आकडा पुन्हा एकदा, सावकाश सांगा," आणि कागद परत होता तिथे चिकटवला. तेवढंच.

पंधरा दिवस संपले, डॉक्टरांनी परवानगी दिली. मावशी पहिलं काय बोलतील याबद्दल घरात सगळ्यांनाच उत्सुकता होती. काका म्हणाले होते, बहुतेक आभार मानतील. सकाळी सगळे स्वयंपाकघरात जमले. मावशींनी घसा साफ केला, ओट्याकडे पाहिलं आणि बारीक, नव्या आवाजात म्हणाल्या, "दुधाचं भांडं पंधरा दिवसांत एकदाही नीट घासलेलं नाही."

काउंटरवर मात्र त्यांनी रेडिओला तसंच ठेवलं, आठवड्यातून दोन दुपारी. गिऱ्हाइकं विचारायला लागली होती.

बाकीच्या दुपारांपैकी बुधवार मांजरीने मागून घेतला. झालं असं, की रेडिओला पोहता येत नाही हे तिला बोलण्याच्या ओघात कळलं आणि तो तिला स्वतःचा अपमान वाटला. आमच्या घरी राहते आणि पोहता येत नाही म्हणजे काय? तलावाच्या उथळ कडेला रेडिओ कठडा धरून उभी राहिली आणि मांजर पाण्यात तिच्यासमोर.

"पाय सोड."

"सोडले."

"एकच सोडलास. मी बघतेय ना. दुसरा सोड. डोकं मागे. पाण्याला ढकलू नकोस, ते तुला धरतं. श्वास का रोखून धरलायस? पोट वर. अगं पोट!"

त्या तासाभरात मांजर जेवढं बोलली तेवढं ती चार महिन्यांत मिळूनही बोलली नव्हती. पाण्याबद्दल तिला इतकं काही सांगायचं होतं की रेडिओला मधे तोंड घालायला जागाच मिळेना. मिळाली तेव्हा तोंडात पाणी गेलं.

तासानंतर दोघी ओल्या केसांनी बाहेर पडल्या. मांजर म्हणाली, मोठ्या रस्त्याने जाऊ. रेडिओ म्हणाली, बागेतून जवळ पडतं. मांजर म्हणाली, बागेतून चढ आहे आणि तुझे पाय आत्ता लटपटतायत. रेडिओ म्हणाली, माझे पाय माझे आहेत, आणि चढ फार तर शंभर पावलांचा आहे, मी मोजलाय. मांजर म्हणाली, शंभर पावलं कुणाची, तुझी की माझी? यावर बराच वेळ गेला. चौकात सिग्नलला थांबल्या तेव्हा रेडिओच्या लक्षात आलं, की आपण तलावापासून इथपर्यंत सारखं भांडत आलोय आणि एकदाही वाक्य जुळवायला थांबलो नाही. शिवाय भांडता भांडता मोठा रस्ताच निम्मा चालून झाला होता.

"बघ," मांजर म्हणाली.

"पुढच्या बुधवारी बागेतून," रेडिओ म्हणाली, आणि सिग्नल हिरवा झाला तशा दोघी रस्ता ओलांडून गेल्या.